पाण्यावर उभा तेरडा

जोमानं वाढलेलं तेरड्याचं रोप उन्हाकडे धरा आणि त्याच्या खोडातून पाहा. आत उजेड शिरतो. पेरांपाशी खोड जाडसर फुगलेलं असतं, पण दोन पेरांच्या मधे ते इतकं नितळ असतं की गरातून वर चढत गेलेल्या शिरा उघड्या डोळ्यांना दिसतात. मुळांनी शोषलेलं पाणी पानांपर्यंत कसं पोचतं हे शाळेत दाखवायचं असलं की लाल शाईच्या पाण्यात तेरड्याचंच रोप ठेवतात, ते याचसाठी. रंग चढताना बाहेरूनच कळतो.

या खोडात लाकडाचा अंश अगदी नावापुरता. दोन-अडीच फुटांचं, फांद्या-पानं-फुलांनी लदलेलं हे रोप उभं राहतं ते पेशीपेशीत दाबून भरलेल्या पाण्याच्या जोरावर. पाणी कमी पडलं की ते मान टाकतं, मिळालं की काही वेळात पुन्हा ताठ होतं. तेरडा लावणाऱ्याला खरं तर एवढी एकच गोष्ट समजून घ्यावी लागते, कारण त्याची सगळी नवलं याच पाण्यातून निघतात.

तेरडा मूळचा आपल्याकडचाच, भारत आणि म्यानमारचा. लिनियसनं १७५३ साली त्याला ‘इंपेशन्स बाल्समिना’ हे शास्त्रीय नाव दिलं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तो सह्याद्रीच्या उतारांवर, बांधांवर, ओढ्याच्या काठानं दर पावसाळ्यात उगवत आला आहे. भाद्रपदात घाटातून जाताना रस्त्याकडेची दरड गुलाबी झालेली दिसते, तो बहुतेकदा हाच. कोकणात अनेक घरी गौर म्हणून तेरड्याची रोपं आणतात, तीही मुळांसकट, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं असं मानतात. अनुराधा नक्षत्रावर आणायची, ज्येष्ठावर पुजायची, मूळ नक्षत्रावर बोळवायची. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण मात्र जरा अन्याय करणारी आहे. एकेक फूल लवकर गळतं हे खरं, पण पानांच्या बगलेत पुढच्या कळ्या तयारच असतात आणि एक रोप कितीतरी आठवडे फुलत राहतं.

लावायची वेळ पावसानंच ठरवून दिली आहे. मृगाच्या सरी येऊन माती गार झाली की बी टाकावं. खोल पुरू नये. मातीवर पसरून वर चिमूटभर बारीक माती भुरभुरवली की पुरे. ऊब आणि ओल दोन्ही असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत कोंब वर येतात. चार-सहा खरी पानं फुटल्यावर रोपं विरळ करावी. हलवायची झाली तर मुळांभोवतीच्या मातीसह संध्याकाळी हलवावी, म्हणजे रात्रभरात ती सावरतात. कुंडी आठ-दहा इंचांची पुरते. तळाची भोकं मोकळी असणं महत्त्वाचं. माती भुसभुशीत हवी, त्यात शेणखत किंवा गांडूळखत मिसळलेलं असावं. खताचा मारा करू नये. नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि फुलं त्यांच्याआड हरवतात. सकाळचं ऊन आणि दुपारी थोडी सावली, ही जागा त्याला सगळ्यात मानवते.

आता पाण्याचं. श्रावणात दोन सरींच्या मधे कडक ऊन पडतं तेव्हा तेरडा दुपारी हमखास मलूल दिसतो. पाहणाऱ्याचा जीव तुटतो आणि हात झारीकडे जातो. आधी मातीत बोट घालून पाहा. दोन पेरांपर्यंत ओल लागली तर पाणी घालू नका. पानांतून वाफ होऊन जाणारं पाणी त्या घडीला मुळांच्या पुरवठ्याहून जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ. ऊन उतरलं की हिशोब जुळतो आणि रोप आपणहून उभं राहतं. माती कोरडी असेल तर मात्र लगेच, भरपूर आणि बुंध्याशी पाणी द्यावं. तिसरी शक्यता वाईट असते. माती ओली आहे, ऊनही नाही आणि तरी रोप उठत नाही. अशा वेळी दोष मुळांत असतो. पाणी साचून बुंधा कुजला असेल तर तो बोटाला बुळबुळीत लागतो. नाहीतर रोप उपटून पाहावं. मुळांवर बारीक-मोठ्या गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमींचं काम. तेरडा या कृमींना फार लवकर बळी पडतो. म्हणून जिथे आधी वांगी, टोमॅटो किंवा भेंडी होती त्या मातीत तो लावू नये. गाठी सापडल्याच तर त्या जागी पुढच्या खेपेला झेंडू लावावा. झेंडूची मुळं या कृमींना मारक ठरतात.

फूल नीट पाहायला भिंग लागत नाही, सवड लागते. देठ धरून फूल बाजूनं फिरवा. मागे एक बारीक, वाकडी नळी लोंबत असते. ती पाकळी नव्हे. तीन निदलांपैकी सर्वांत मोठं निदल पाकळीसारखं रंगून मागे लांब होत जातं, तीच ही नळी, आणि मध तिच्या टोकाशी असतो. त्याहून अजब गोष्ट अशी की हे फूल उलटं आहे. कळी वाढताना देठ अर्धा वळसा घेतो, त्यामुळे जी बाजू वर असायला हवी ती खाली येते आणि मधाची नळी बरोबर आत शिरणाऱ्या माशीच्या वाटेवर बसते. दोन्ही बाजूंच्या पाकळ्या जोडीजोडीनं जुळून पंखांसारख्या पसरतात आणि पाहुण्याला उतरायला जागा करून देतात.

माशी आत डोकं घालते तेव्हा तिच्या पाठीला वरून काहीतरी घासतं. पाचही पुंकेसर एकमेकांना चिकटून त्यांचं छोटं टोपण झालेलं असतं आणि ते बीजकोशावर गच्च बसलेलं असतं. नव्या फुलात हे टोपण फक्त परागकण देतं. पुढे आतला बीजकोश वाढतो, टोपणाला खालून रेटतो आणि ते गळून पडतं. तेव्हा कुठे परागकण घेणारं टोक उघडं होतं. एकच फूल आधी नर, मग मादी. स्वतःचेच परागकण स्वतःला लागण्याचा संभव त्यामुळे पुष्कळ कमी होतो. तुमच्या कुंडीत ही दोन्ही रूपं शेजारी शेजारी सापडतील. ज्या फुलात पांढुरकं टोपण आहे ते नवं, ज्यात हिरवं टोक दिसतं ते जुनं.

तेरड्याच्या कुळात हजाराहून अधिक जाती आहेत आणि पश्चिम घाट हे त्यांचं मोठं घर. काळ्या पाझरत्या कड्यांना चिकटून वाढणाऱ्या जाती आहेत, पिवळ्या फुलांचा सोनतेरडा आहे, आणि कासच्या पठारावर इंचभर मातीत गालिचा अंथरणारी ‘इंपेशन्स लॉई’ आहे. ती महाराष्ट्राबाहेर सहसा भेटत नाही. भारतीय वनस्पतींवरचा प्रचंड ग्रंथ सिद्ध करणारे जोसेफ हूकर १९११ साली ९४ व्या वर्षी गेले. आयुष्याची अखेरची वर्षं त्यांनी याच कुळाच्या अभ्यासाला दिली होती. हे काम जिकिरीचं, कारण तेरड्याचं फूल कागदात दाबून वाळवलं की पाण्याबरोबर त्याचा आकारही जातो. नळी कुठली, पंख कुठला, काहीच ओळखू येत नाही. फूलसुद्धा पाण्यावरच उभं असतं ते असं.

पानाच्या देठावर अगदी बारीक ग्रंथी असतात आणि त्याही गोड रस पाझरतात, म्हणून तेरड्यावर मुंग्यांची वर्दळ दिसते. त्यांना घालवू नका. पानं मोठ्या तुकड्यांनी खाल्लेली दिसली तर पानाखाली पाहा. हॉक मॉथ पतंगाची अळी सापडेल. काळसर अंग, दोन्ही बाजूंना डोळ्यांसारख्या ठिपक्यांची रांग, आणि मागच्या टोकाला एक शिंग, जे ती चालताना पुढे-मागे हलवत जाते. एक-दोन अळ्यांना एखादं रोप खुशाल द्यावं. असं सुंदर जनावर गॅलरीत आपणहून येत नाही. पाऊस ओसरताना पानांवर पांढरी भुरी येते. तेव्हा खालची पानं काढावीत, रोपांमधून वारा खेळू द्यावा, पानांवर पाणी टाकू नये. रोपाचं आयुष्य तोवर तसंही संपत आलेलं असतं.

आणि मग बोंडं. लवदार, दोन्ही टोकांना निमुळती, मधे फुगलेली. गडद हिरवा रंग फिका होऊ लागला की त्यातलं एक बोंड अलगद चिमटीत धरा. ते हातात फुटतं. पाच तुकडे क्षणात आतल्या बाजूला गुंडाळले जातात आणि बिया उडून जातात; तळहातावर ते हिरवे वेटोळे एखाद्या अळीसारखे वळवळल्याचा भास होतो. उत्तर अमेरिकेतल्या एका चुलतभावंडाच्या बोंडाचं अतिवेगवान कॅमेऱ्यानं चित्रण केलं तेव्हा हा सगळा प्रकार सुमारे ४ मिलिसेकंदांत उरकतो असं दिसलं. डोळ्याची पापणी लवायलाही त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. या सगळ्यात स्नायू कुठेच नाही. बोंडाच्या सालीतल्या बाहेरच्या पेशी पाणी पिऊन तट्ट फुगलेल्या असतात, आतला थर मात्र ताणला जात नाही. साल गुंडाळायला पाहते, पण शेजारच्या तुकड्याशी जोडलेली शिवण तिला धरून ठेवते. बोंड पिकत जातं तशी शिवण कमकुवत होते, आणि मग वाऱ्याचा झोत, पावसाचा थेंब किंवा मुलाचं बोट पुरतं.

हिमालयातल्या एका तेरड्यानं तर याच जोरावर परदेश काबीज केला. १८३९ साली शोभेसाठी तो ब्रिटनमध्ये नेला गेला. बिया सात मीटरपर्यंत फेकत आणि ओढ्यांच्या पाण्यावर सोडत तो नद्यांचे काठ व्यापत गेला. आज तिथे स्वयंसेवक जमून तो उपटतात.

आपल्या तेरड्याच्या प्रवासाची कथा गोड आहे. पूर्व आशियात गेल्यावर तो नखं रंगवायच्या कामी आला. कोरियात त्याच्या पाकळ्या आणि पानं तुरटीबरोबर वाटून रात्रभर नखांवर बांधतात, आणि पहिला बर्फ पडेपर्यंत रंग टिकला तर पहिलं प्रेम सफळ होतं असं तिथल्या मुली मानतात. मेंदीतलं रंग देणारं द्रव्य तेरड्यातही असतं. आपल्याकडे त्याला गुलमेंदी म्हणतात ते उगाच नव्हे. त्याच्या बियांतून तर अवघ्या २० अमिनो आम्लांची, बुरशी आणि जिवाणूंना रोखणारी प्रथिनं सापडली. हा शोध १९९७ सालचा. बी आठ महिने धुळीत पडून शेवटी बुरशीनं भरलेल्या चिखलात रुजतं, हे लक्षात घेतलं की हा साठा किती मोलाचा ते कळतं.

बी जमवायचं असेल तर बोंड फिकं होताच त्यावर मलमलीची छोटी पुरचुंडी सैल बांधा, नाहीतर पूर्ण बोंड मुठीत घेऊनच तोडा. बिया सावलीत चार-पाच दिवस वाळवून कागदाच्या पाकिटात ठेवाव्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते. दुहेरी पाकळ्यांचं बी हवं असेल तर ती रोपं एकेरीपासून लांब लावावी, कारण माश्या दोन्हीकडे जातात आणि पुढच्या वर्षी वेगळंच काही उगवू शकतं. मी स्वतः रंग वेगळे ठेवत नाही. सगळं बी एकत्र करते, कुंडीत थोडं टाकते आणि उरलेलं पाऊस लागला की सोसायटीच्या भिंतीलगतच्या मातीत फेकते.