हरळीच्या काशा आणि वाफसा

“माझं काय चुकलं, तेवढं सांग. एवढी वर्षं कॉलेजात बायॉलॉजी शिकवलीस ना तू?”

ताईने हे विचारलं तेव्हा आम्ही दोघी स्कॅनचा रिपोर्ट घेऊन नुकत्याच घरी आलो होतो. २००९ साली तिच्या डाव्या स्तनातली गाठ काढली होती. त्यानंतर केमोथेरपी झाली, रेडिएशनचा शेक झाला, पाच वर्षं रोज एक गोळी तिने न चुकता घेतली. २०१४ मध्ये ती गोळी बंद झाली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. आणि २०२१ मध्ये पाठ धरली म्हणून तपासलं, तर मणक्यात तोच जुना रोग. तब्बल बारा वर्षांनी!

घरात कुजबुज सुरू झाली. मावशी म्हणाली, “उपास फार करते ती.” ताईच्या नणंदेला वाटलं, सुनेच्या बाळंतपणात दगदग झाली. प्रत्येकाच्या बोलण्याचा अर्थ एकच, की हिने काहीतरी केलं म्हणून हे झालं. ताईलाही तसंच वाटू लागलं होतं.

मी तिला आमच्या रानातल्या हरळीची आठवण करून दिली. आमचं रान कृष्णाकाठचं, काळं. वडील सांगायचे, हरळी वरून कापून जात नाही. जमिनीत काशा राहिल्या की पहिल्या पावसाला रान पुन्हा हिरवं. म्हणून उन्हाळ्यात खोल नांगरट करून, बाया लावून त्या काशा वेचायच्या.

कर्करोगाच्या गाठीतही सगळ्या पेशी सारख्या नसतात. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात मायकेल क्लार्क, मॅक्स विचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली स्तनाच्या गाठींमधल्या पेशी निवडून वेगळ्या केल्या आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांमध्ये सोडल्या. काही विशिष्ट खुणा असलेल्या जेमतेम शंभर पेशींपासून नवी गाठ तयार झाली. बाकीच्या पेशी हजारोंनी सोडूनही काही झालं नाही. या मूठभर पेशींना नाव पडलं कर्करोगाच्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल. (बाळाच्या नाळेतलं रक्त साठवण्याच्या जाहिरातींत हा शब्द वाचकांनी पाहिला असेल. ती गोष्ट निराळी.) त्या बहुधा संथपणे वाढतात, आणि केमोथेरपी मुख्यतः भराभर वाढणाऱ्या पेशी मारते. तेव्हा वरचं गवत जळालं तरी काशी शिल्लक राहू शकते.

“म्हणजे डॉक्टरांनी काशा नीट वेचल्या नाहीत?” ताईने विचारलं. प्रश्न बरोबर होता, आणि इथेच माझी हरळी अपुरी पडली. काशी ही जन्मभर काशीच असते. मूळपेशींचं तसं नाही. रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये दाखवलं की स्तनातल्या साध्या पेशीही आपणहून मूळपेशींसारख्या होऊ शकतात. मूळपेशी ही कायमची जात नाही, ती एक अवस्था आहे. ही अवस्था कोणाला मिळायची आणि किती काळ टिकायची, यात त्या पेशीच्या शेजाऱ्यांचा हात मोठा असतो.

भोवताल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धूर, कीटकनाशकं, प्लॅस्टिक येतं. इथे मी त्याविषयी बोलत नाही. मी सांगते आहे तो भोवताल केसाच्या जाडीएवढ्या अंतरात मावतो. पेशीला धरून ठेवणारे तंतू, ते विणणाऱ्या पेशी, जवळची चरबी, केशवाहिन्या, रोगप्रतिकाराच्या पेशी, आणि तिथवर पोचणारा प्राणवायू. हे सगळे त्या पेशीशी रसायनांच्या भाषेत सतत बोलत असतात. शेजारी दाह सुरू असला, तर त्यातून निघणारे निरोप साध्या पेशीलाही मूळपेशीच्या वाटेला लावू शकतात.

हा विचार नवा नाही. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोग यकृतात वारंवार सापडतो, पण भरपूर रक्त मिळणाऱ्या प्लीहेत क्वचितच, हे त्यांच्या लक्षात आलं. रक्ताबरोबर बी सगळीकडे जातं, पण रुजतं मानवणाऱ्या जमिनीतच, असं त्यांनी मांडलं. पुढे कित्येक दशकं बहुतेकांचं लक्ष बियाकडेच राहिलं.

जमिनीची बाजू हट्टाने मांडली ती मूळच्या इराणच्या आणि पुढे अमेरिकेत बर्कलीला काम केलेल्या मीना बिसेल यांनी. १९९७ साली त्यांच्या प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी शरीरातल्यासारख्या मऊ जाळ्यात वाढवल्या गेल्या. पेशीच्या पृष्ठभागावर भोवतालचे निरोप घेणारं एक प्रथिन असतं. ते एका प्रतिपिंडाने अडवलं, आणि बेशिस्त वाढणाऱ्या त्या पेशी पुन्हा निरोगी स्तनात असतात तशा गोल, नीटस रचनेत बसल्या. जनुकांतले दोष होते तसेच होते. बदलली होती ती फक्त बाहेरच्या निरोपांची ये-जा. वर्गात मी हा प्रयोग फळ्यावर काढून दाखवत असे, तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मान वर करत.

उलटी बाजूही सांगायला हवी, कारण जमिनीशी खेळ अंगाशी येऊ शकतो. गाठीचा रक्तपुरवठा तोडायचा आणि तिला उपाशी मारायचं, ही कल्पना मोठी आकर्षक होती. त्यासाठीचं बेव्हॅसिझुमॅब हे औषध अमेरिकेत २००८ मध्ये पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी मंजूर झालं, आणि २०११ च्या नोव्हेंबरमध्ये ती मंजुरी काढून घेतली गेली. आयुष्य वाढत असल्याचं दिसलं नाही, दुष्परिणाम मात्र गंभीर होते. पुढच्याच वर्षी विचा यांच्या गटाने उंदरांमध्ये पाहिलं, की अशा औषधांनी गाठीत प्राणवायूची चणचण होते आणि त्या चणचणीत मूळपेशींची संख्या वाढते. उपाशी मारायला गेलो आणि चिवटपणा शिकवून बसलो!

पण बारा वर्षांचं काय? २०१३ मध्ये बिसेल आणि सायरस घजार यांनी उंदरांमध्ये दाखवलं की दूरवर गेलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांना बिलगून निपचित पडून राहतात. वाहिनी शांत असते तोवर तिच्यातून पाझरणारं एक प्रथिन त्यांना झोपवून ठेवतं. वाहिनीला नवे कोंब फुटू लागले की त्या टोकाशी निरोप बदलतात आणि पेशी जागी होते. आपला शेतकरी याला वाफसा म्हणेल. बी कधीचं पडून असतं, जमिनीला वाफसा येईपर्यंत थांबतं.

स्त्री-संप्रेरकांवर वाढणाऱ्या प्रकारात, म्हणजे ताईच्या प्रकारात, हे थांबणं फार लांबतं. २०१७ साली साठ हजारांवर स्त्रियांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. पाच वर्षांची गोळी संपवून ठणठणीत असलेल्यांपैकी काहींचा रोग पुढे विसाव्या वर्षापर्यंत परतत राहिला होता. त्यांत उपास करणाऱ्या असतील, न करणाऱ्याही असतील. ताईच्या मणक्यात ही जाग नेमकी कधी आली ते कोणी सांगू शकणार नाही. पण उपासाला किंवा बाळंतपणाच्या दगदगीला दोषी धरावं असा पुरावा नाही. “तुझं काही चुकलं नाही,” हे मी तिला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा, नणंद समोर असताना.

आता ताईला नव्या गोळ्या सुरू आहेत. शिवाय दर तीन महिन्यांनी सलाईनमधून झोलेड्रॉनिक ॲसिड देतात. परवा ते घेताना तिने विचारलं, “ही सुई कॅन्सरवरची ना?”

“नाही, हाडावरची.”

तिला समजावून सांगितलं. आपलं हाड सतत झिजतं आणि भरतं. झिजताना त्यात साठलेली वाढीची द्रव्यं सुटतात आणि ती कर्करोगाच्या पेशींना खत पुरवतात. पेशी मग हाड आणखी झिजवतात. ही सुई झीज रोखते. म्हणजे जमिनीवरचाच इलाज.

ताई थोडा वेळ सलाईनच्या थेंबांकडे बघत राहिली. “मग ही मला आधीच, ऑपरेशन झालं तेव्हाच का नाही दिली?”

मी म्हटलं, “पाळी गेलेल्या बायकांना ऑपरेशननंतर हे औषध दिलं तर हाडातला रोग कमी वेळा परततो, हे बऱ्याच चाचण्या एकत्र करून २०१५ मध्ये स्पष्ट झालं. २००९ ला तेवढं हाती नव्हतं, ताई.”

“बरं,” ती म्हणाली. “ती फाइल दे इकडे. पुढची तारीख आजच घालून घेऊ, नंतर गर्दी होते.”