टीव्हीच्या स्पर्धेत आपले मूल: होकार कोणाचा, ओझे कोणावर?

२००९ च्या फेब्रुवारीत झी मराठीवर ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ची अंतिम फेरी झाली. आळंदीची कार्तिकी गायकवाड पहिली आली. तिच्याबरोबर आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत आणि मुग्धा वैशंपायन ही नावेही महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. हिंदू घरांत पोहोचली तशीच मुसलमानांच्या घरांतही पोहोचली. पुढे २०२१ मध्ये हीच पाच मुले, आता तरुण झालेली, त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या जागी बसली.

तेव्हापासून एक प्रश्न आम्हाला ओळखीच्या घरांतून वारंवार ऐकू येतो. ‘आमची मुलगी छान गाते, आमचा मुलगा छान नाचतो, पाठवावे का टीव्हीवर?’ विचारणाऱ्या आई-वडिलांच्या डोळ्यांत अभिमान असतो आणि थोडी धाकधूकही असते. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरात दोन वेळची ओढाताण आहे, त्या घराला मुलाच्या गळ्यात एक वाट दिसत असेल, तर ‘ही सगळी हाव आहे’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही.

तरीही आमचे मत आरंभीच सांगतो. कला शिकण्याला आमचा विरोध नाही. चार माणसांत उभे राहून मुलाने आपली कला दाखवावी, यालाही नाही. परंतु दर आठवड्याला कोणीतरी बाद होणार, कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी येणार आणि ते सारा देश पाहणार, अशा स्पर्धेत लहान मुलाला उतरवू नये. का, ते पुढे मांडतो.

पाच नावांच्या मागे उभी असलेली रांग

ज्यांचे भले झाले त्यांची नावे आपल्याला पाठ असतात. ऑडिशनच्या रांगेत पहाटेपासून उभी राहिलेली, एक अंतरा गाऊन ‘थँक यू’ ऐकून परतलेली मुले कोणाच्या लक्षात राहतात? ती घरी येतात तेव्हा शाळेत विचारणारे असतात, मोहल्ल्यात विचारणारे असतात, लग्नाकार्यात तर हमखास असतात: ‘काय रे, तुझे काय झाले?’ मोठा माणूस हे हसून टाळतो. आठ वर्षांच्या मुलाला ते टाळता येत नाही. आपले गाणे नाकारले गेले आणि आपण नाकारले गेलो, यांतला फरक त्या वयात कळत नाही.

बरे, जिंकलेल्यांचे तरी सगळेच सुरळीत होते का?

आवाज फुटतो तेव्हा

जयपूरचा अजमत हुसेन २०११ मध्ये हिंदी ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’चा विजेता ठरला. त्या कोवळ्या गळ्यातली तयारी ऐकून भले भले थक्क झाले होते. मग निसर्गनियमाप्रमाणे वय वाढले आणि आवाज फुटला. २०१९ मध्ये ‘इंडियन आयडॉल’च्या निवड फेरीत तो पुन्हा उभा राहिला, तेव्हा त्याने आपली हकीकत स्वतःच सांगितली. आवाज बदलल्यावर लोक नावे ठेवू लागले. तो खचला, त्याने गाणे सोडले आणि व्यसनाच्या संगतीतही सापडला.

हे वाचताना कोणी त्या मुलाला दोष देईल, कोणी त्याच्या घरच्यांना. आम्हाला तसे करायचे नाही. आम्हाला एवढेच दिसते की, ज्या आवाजाला देशाने डोक्यावर घेतले तो आवाज काही काळाचाच होता. बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान मुलाचा आवाज फुटतो, हे गाणे शिकवणाऱ्या प्रत्येक उस्तादाला ठाऊक असते. उस्ताद त्या काळात शागिर्दाला जपतो, ताण देत नाही, थांबायला सांगतो. वाहिनीला थांबायला वेळ नसतो. तिचा पुढचा हंगाम तोवर नव्या मुलांना घेऊन सुरू झालेला असतो.

त्याच २०११ च्या स्पर्धेत अंतिम टप्प्यापर्यंत गेलेला आणखी एक मुलगा होता, हरियाणातील मेवातचा सलमान अली. पिढ्यानपिढ्या गाणाऱ्या घरातला. लहानपणी विजेतेपद हुकले. तो गात राहिला, मोठा झाला आणि २०१८ मध्ये ‘इंडियन आयडॉल’ जिंकला. तेव्हा तो जाणता होता. जिंकण्या-हरण्याचा अर्थ त्याला कळत होता आणि आवाज त्याचा कायमचा झाला होता. एकाच मंचावरच्या या दोन मुलांकडे पाहिले की, लहानपणीचे विजेतेपद म्हणजे पुढच्या आयुष्याची हमी नव्हे, हे ध्यानात येते. गळ्यात दम असेल, तर पाच-सात वर्षे थांबल्याने तो कुठे पळून जात नाही.

रडू विकले जाते

टीव्हीवर एका तासात जे दिसते त्यासाठी पूर्ण दिवस चित्रीकरण चालते. दिवे, मेकअप, पुन्हा पुन्हा करून घेतलेले प्रवेश, आणि मध्ये नुसते बसून राहणे. मूल पेंगुळते, चिडते. मग कापाकापी होते. परीक्षकाचा एक कठोर शब्द, त्यावर आईचा उतरलेला चेहरा, मागे उदास संगीत, आणि वडिलांचे पत्र्याचे घर दाखवणारी दोन मिनिटांची चित्रफीत. घरची गरिबी ही लपवण्याची गोष्ट नाही, हे खरेच. पण ती मुलाच्या गाण्याबरोबर विकायला ठेवावी का, हे कोणी त्या मुलाला विचारलेले नसते.

२००८ मध्ये कोलकात्याच्या एका सोळा वर्षांच्या मुलीची बातमी देशभर चर्चिली गेली. बंगाली नृत्यस्पर्धेत परीक्षकांनी तिला कडक शब्दांत सुनावले. त्यानंतर तिची वाचा गेली, हातपाय हलेनासे झाले आणि तिला उपचारासाठी बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ रुग्णालयात न्यावे लागले. परीक्षकांच्या बोलण्याचा धसका घेतल्यामुळेच हे झाले, असे तिच्या घरच्यांचे म्हणणे होते. आजाराचे कारण ठरवणे हा डॉक्टरांचा विषय आहे. पण मुलांना काय बोलले जाते, याकडे देशाचे लक्ष त्या वेळी प्रथमच इतक्या गांभीर्याने गेले.

२०१७ मध्ये चित्रपट दिग्दर्शक शूजित सरकार यांनी मुलांच्या रिअ‍ॅलिटी शोंवर तातडीने बंदी घालावी, अशी जाहीर मागणी केली. हे मनोरंजनाच्या धंद्यातल्याच माणसाचे बोल आहेत, म्हणून त्यांना वजन आहे. जून २०१९ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना सूचनापत्र पाठवले. चित्रपटांत मोठ्यांनी केलेले नाच आणि हावभाव लहान मुलांकडून करवून घेतले जातात, ते त्यांच्या वयाला शोभणारे नाहीत, असे त्यात म्हटले होते. ज्या गाण्याचा अर्थ आपण मुलांना सांगू शकत नाही, त्या गाण्यावर त्यांना नाचवून आपण टाळ्या वाजवतो, यात काही चुकते आहे हे कळायला खरे तर सरकारी पत्राची गरज नव्हती.

आपल्या समाजातली आणखी एक बाजू

मुसलमान घरातले मूल, त्यातही मुलगी, पडद्यावर येते तेव्हा ती एकट्या आई-वडिलांची राहत नाही. आसामची नाहिद आफरीन २०१५ मध्ये ‘इंडियन आयडॉल ज्युनिअर’मध्ये उपविजेती ठरली. मार्च २०१७ मध्ये तिच्या तिकडच्या एका कार्यक्रमाविरुद्ध पत्रके वाटली गेली. त्यावर ४६ जणांची नावे होती. वाहिन्यांनी ‘४६ फतवे’ म्हणून रान उठवले. नंतर, तो फतवा नसून आवाहन होते, असा खुलासा झाला. पण तोवर एक शाळकरी मुलगी देशभरच्या चर्चेचा विषय झाली होती. एका बाजूने तिला नाव ठेवणारे, दुसऱ्या बाजूने तिच्या आडून साऱ्या कौमेला नाव ठेवणारे. दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी आपापला हिशेब एका मुलीच्या नावावर मांडला. तिने धीराने आपण गात राहणार असल्याचे सांगितले, हे तिचे मोठेपण. त्या मोठेपणाची परीक्षा त्या वयात द्यावी लागली, हे आपल्या सर्वांचे लहानपण.

संगीताविषयी आपल्यात मतभेद आहेत. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही, कारण आमचा प्रश्न केवळ गाण्या-नाचण्याचा नाही. नात पठणाच्या आणि किरअतच्या स्पर्धाही आता कॅमेऱ्यासमोर होतात. इंडोनेशियात रमजानच्या दिवसांत लहान हाफिजांची स्पर्धा टीव्हीवर लोकप्रिय आहे. पाठ केलेले कलाम पवित्र आहे म्हणून मुलावरचा ताण आपोआप हलका होत नाही. उलट, तिथे चुकले तर आपण पठणातच नव्हे, दीनमध्येही कमी पडलो, असे त्या जिवाला वाटू शकते. स्पर्धेचा विषय कोणताही असो, मुलाला सोसवते किती, हे पाहणे आलेच.

कायदा काय म्हणतो

कायदा पालकांच्या बाजूने आहे, पण तो त्यांना ठाऊक नसतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास आपल्याकडे बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीने कलावंत म्हणून काम करणाऱ्या मुलांना तिच्यातून सूट दिली, मात्र शाळेचे नुकसान होता कामा नये या अटीवर. २०१७ च्या नियमांत पुढील अटी घातल्या आहेत:

• मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही.

• सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम द्यायचे नाही. शिक्षणाची सोय निर्मात्याने करायची.

• निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची आणि पालकांची संमती जोडायची.

• जास्तीत जास्त पाच मुलांमागे त्यांची काळजी घेणारी एक जबाबदार व्यक्ती हवी.

• मुलाच्या कमाईतील किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत थेट जमा व्हावी आणि ते सज्ञान झाल्यावर त्याला मिळावी.

• मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करायचे नाही.

याखेरीज राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाची मार्गदर्शक तत्त्वेही आहेत. २०२३ मध्ये ती नव्याने काढण्यात आली. मुलाची टिंगल किंवा अपमान होईल, त्याचे मन मोडेल असे त्याच्याशी वागू नये, हा त्यांतला आशय आहे.

नियम चांगले आहेत. पण सेटवर रात्रीचे अकरा वाजले असताना ‘माझ्या मुलाचे पाच तास कधीच झाले’ असे म्हणणारा बाप किती वेळा सापडेल? त्याला भीती असते की, आपण बोललो तर उद्या मुलाचे नाव गळेल. म्हणूनच नियम असूनही मूल एकटे पडते.

मुलाचा ‘हो’

शेवटच्या अटीपाशी, म्हणजे मुलाच्या इच्छेपाशी, थोडे थांबायला हवे. ‘आमच्यावर कसली जबरदस्ती? मुलालाच हौस आहे,’ असे आई-वडील सांगतात आणि ते खोटे बोलत नसतात. पण मूल ‘हो’ म्हणते ते कोणाला? ज्यांनी फी भरली, सुट्टी काढली, रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली, नातेवाइकांना सांगून ठेवले, त्या अम्मी-अब्बांना. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून ते ‘हो’ म्हणते. तिसऱ्या फेरीनंतर त्याला कंटाळा आला, गळा दुखू लागला, घरची आठवण आली, तर तोच ‘हो’ त्याला मागे घेता येतो का? येत नसेल, तर ती संमती नव्हे, आज्ञापालन झाले. मूल आपल्याकडे अमानत आहे, असे आपण मानतो. अमानतीची वस्तू आपण आपल्या हौसेसाठी वापरत नाही.

मग करावे काय?

आमचा सल्ला साधा आहे. आवाज फुटून स्थिरावेपर्यंत आणि मूल घरच्यांसमोर न घाबरता ‘नको’ म्हणू लागेपर्यंत, टीव्हीच्या बाद फेऱ्यांपासून त्याला दूर ठेवावे. तोवर त्याला शिकू द्यावे. चांगला शिक्षक शोधावा. शाळेचे स्नेहसंमेलन, मोहल्ल्यातला जलसा, ईदच्या दिवशी घरी जमलेले नातेवाईक, हे मंच छोटे आहेत, पण तिथे चुकलेल्या सुराला कोणी गुण देत नाही आणि दुसऱ्या दिवशी ते मूल पुन्हा गाऊ शकते.

तरीही ज्यांनी जायचे ठरवले असेल, त्यांनी निघण्यापूर्वी मुलाला एवढे सांगावे: ‘तुला वाटेल त्या दिवशी आपण परत येऊ, आणि कोणी रागावणार नाही.’ करार वाचता येत नसेल, तर वाचता येणाऱ्याकडून समजून घ्यावा. किती काळ बांधले जातो, दुसरीकडे गायला मनाई आहे का, बक्षिसाचे पैसे कोणाच्या नावे येणार, घरात येऊन काय काय चित्रित करणार, हे विचारावे. शाळेतल्या शिक्षकांशी आधी बोलून ठेवावे. परत आल्यावर, जिंकून असो वा हरून, मुलाला महिनाभर तरी कोणी ‘गाऊन दाखव’ म्हणू नये.

आणि आपण, जे नुसते पाहणारे आहोत, त्यांचेही एक काम आहे. पडद्यावर मूल रडू लागले आणि मागे उदास संगीत वाजू लागले की, वाहिनी बदलावी. आपण पाहतो तोवरच ते रडू दाखवले जाणार आहे.