पंचवीस वर्षांच्या सुट्टीचा करार

राजापेठेतील व्यापारी माल घेताना भाव, प्रत, वाहतूक आणि उधारीची मुदत मनात मांडून मगच होकार देतो. तोच गृहस्थ एखाद्या हॉटेलच्या सभागृहात पत्नीसह दोन तास बसतो, ‘आजच निर्णय घेतलात तर सवलत’ हे वाक्य ऐकतो आणि काही लाखांच्या करारावर न वाचता स्वाक्षरी करून बाहेर पडतो. बोलावणे बहुधा सोडतीत बक्षीस लागल्याच्या फोनने आलेले असते आणि पती-पत्नी दोघांनीही यावे असा आग्रह असतो. ‘घरी विचारून सांगतो’ असे म्हणण्याची सोय कोणालाच उरू नये, एवढाच त्या आग्रहाचा हेतू.

या व्यवहाराला टाइमशेअर किंवा सुट्टी-सभासदत्व म्हणतात. एकरकमी पैसे भरायचे, त्यानंतर दहा ते पंचवीस वर्षे दरवर्षी ठरावीक दिवस कंपनीच्या विश्रामधामांत राहायचे आणि शिवाय वार्षिक देखभाल शुल्क देत राहायचे, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप. आपल्याकडे ही पद्धत १९८०च्या दशकात रुजली. यात बहुधा जागेची मालकी मिळत नाही. हाती येतो तो राहण्याचा हक्क, तोही खोली शिल्लक असेल तर.

हिशेब आपल्या पद्धतीने मांडून पाहू. समजा, चार लाख रुपये भरले. सालिना आठ टक्क्यांनी त्यावरचे व्याजच ३२ हजार होते. देखभाल शुल्क १८ हजार धरले तर सात रात्रींसाठी वर्षाला ५० हजार, म्हणजे एका रात्रीला सात हजारांहून अधिक. प्रवास आणि जेवण वेगळे. मुद्दल तर परत यायचेच नाही, आणि देखभाल शुल्क वाढवण्याचा अधिकार करारात कंपनीने स्वतःकडे ठेवलेला असतो. उधारीच्या प्रत्येक दिवसाचे व्याज मोजणारी आपली माणसे हे व्याज मात्र धरीत नाहीत, याचे नवल वाटते.

हंगामाची अडचण निराळीच. सभासदत्वाचे प्रकार हंगामानुसार ठरतात आणि स्वस्त प्रकारात शाळेच्या सुट्ट्यांचे दिवस मिळत नाहीत. दिवाळीत दुकान सोडता येत नाही, लग्नसराईत कापडवाल्याला आणि सराफाला उसंत नसते, चातुर्मासात अनेक घरे प्रवास टाळतात. मग उरतात ते मे महिन्याचे आणि डिसेंबरअखेरचे दिवस. ते साऱ्या सभासदांना हवे असतात. चिखलदऱ्याला आपण सकाळी मनात आले की दुपारी पोहोचतो. इथे मात्र कित्येक महिने आधी मागणी नोंदवूनही ‘खोली उपलब्ध नाही’ असे उत्तर येऊ शकते.

काही घरांत हा करार गुंतवणूक म्हणून तिजोरीत ठेवलेला असतो. त्यांनी मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज कंपनीचे प्रकरण ध्यानात घ्यावे. ही कंपनी हॉटेलातील खोल्यांच्या रात्री विकत असे आणि त्या न वापरल्यास मुदतीनंतर वाढीव रक्कम मिळेल असे सांगत असे. सेबीने २०१४ मध्ये तिला नवे पैसे घेण्यास मनाई केली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ही विनापरवाना सामूहिक गुंतवणूक योजना असल्याचे ठरवून पैसे परत करण्याचा आदेश दिला. तेव्हा गुंतवणूकदार होते ५१ लाखांहून अधिक आणि रक्कम ७,०३५ कोटी रुपये. त्यांत महाराष्ट्रातील लहान गावांचे, हातावर पोट असलेले लोक फार मोठ्या संख्येने होते. आदेश झाला म्हणून पैसे हाती आले असे नाही. मालमत्तांचे लिलाव आणि न्यायालयीन फेऱ्या यांत पुढची वर्षे गेली. सुट्टी विकणारा परताव्याची भाषा बोलू लागला की तो व्यवहार सुट्टीचा राहत नाही.

साध्या टाइमशेअरचे काय? युरोपीय संघाने त्यासाठी १९९४ मध्येच स्वतंत्र नियम केले आणि २००८च्या सुधारित नियमांनी ग्राहकाला कारण न देता माघार घेण्यास १४ दिवस दिले. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. विम्याची पॉलिसी पटली नाही तर ती ३० दिवसांत परत करता येते. सुट्टी-सभासदत्वाला तशी कायदेशीर मुदत नाही. काही कंपन्या करारात थोड्या दिवसांची मुभा देतात. ते कलम स्वाक्षरीपूर्वी शोधावे. माघार घ्यायची असेल तर मुदतीच्या आत लेखी, ई-मेलने आणि पोच देणाऱ्या टपालाने कळवावे. फोनवर सांगितलेले कोठेच नोंदले जात नाही.

मुदत उलटली तरी दार बंद होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्याने आपल्यासारख्या गावांतील ग्राहकाचे मोठे काम केले. पूर्वी कंपनीचे कार्यालय वा शाखा जिथे, किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले, तिथे जावे लागे. करारात मुंबई वा चेन्नईचे न्यायालय लिहिलेले पाहून निम्मे लोक गप्प बसत. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे राजापेठेतील कुटुंबासाठी अमरावतीत. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही आणि वकील देणे सक्तीचे नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र कटाक्षाने पाळावी.

‘वाद लवादाकडेच जाईल’ या कलमाला भिण्याचे कारण नाही. एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही. २०१९च्या पायोनियर अर्बन प्रकरणात तर एकतर्फी, ठिपक्यांच्या रेघेवर सही करायला लावणाऱ्या अटी ग्राहकाला बांधू शकत नाहीत, असे ठरले. दोन्ही निकाल घरांच्या व्यवहारातील आहेत, पण तत्त्व येथेही उपयोगी पडते. करारातील अटच अन्यायकारक म्हणून रद्द करून हवी असेल, तर ती मागणी राज्य आयोगापुढे करावी लागते.

व्यापारी कुटुंबांसाठी एक मुद्दा विशेष. करखर्चाच्या सोयीने सभासदत्व पेढीच्या नावावर घेतले असेल, तर ‘हा व्यापारी हेतू आहे, तुम्ही ग्राहकच नाही’ असा आक्षेप कंपनीचा वकील हमखास घेतो. लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टने परिचारिकांच्या निवासासाठी घेतलेल्या सदनिकांबाबत २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या ट्रस्टला ग्राहक मानले. व्यवहाराचा मुख्य हेतू नफ्याशी निगडित आहे का, हे पाहावे असे सांगितले. म्हणून बचाव आहे, पण सभासदत्व घरच्या माणसाच्या नावावर असलेले बरे.

पुराव्याचे म्हणाल, तर आपल्या घरांतील सर्वांत वारंवार मोडणारे आश्वासन जेवणाचे असते. ‘जैन भोजन मिळेल, सूर्यास्तापूर्वी वाढले जाईल’ असे विक्रेता हसतमुखाने सांगतो आणि करारात ‘तोंडी आश्वासने बंधनकारक नाहीत’ अशी ओळ असते. त्याच संध्याकाळी ‘आपण असे सांगितलेत, दुरुस्ती असल्यास कळवा’ असा ई-मेल पाठवावा. खोली नाकारल्याचा प्रत्येक संदेश तारखेसह जपावा.

केवळ देखभाल शुल्क थांबवून सुटका होत नाही. थकबाकीवर व्याज चढते आणि राहण्याचा हक्क मात्र गोठतो. आधी लेखी सूचना द्यावी, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी, मग आयोगाकडे जावे. आणि ‘तुमचे सभासदत्व चढ्या भावाने विकून देतो, आधी जीएसटीची रक्कम भरा’ असा फोन आला तर एक रुपयाही देऊ नये. पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या क्रमांकावर सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवावी.