रॉटरडॅम ते स्टॉकहोम : पिंपळगावच्या माणसाने काय पाहावे

उत्तरेकडची शहरे : लेखांक ४

युरोपची सहल ठरली की आपल्याकडचे बहुतेक टूरवाले एकच यादी पुढे करतात. पॅरिसचा मनोरा, स्वित्झर्लंडचा बर्फ, व्हेनिसच्या होड्या आणि वेळ उरलाच तर एक दिवस ॲम्स्टरडॅम. या यादीत वाईट काही नाही. पण ज्या गावाची सकाळ कांद्याच्या लिलावाने सुरू होते, जिथल्या पॅकहाऊसमध्ये जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचे पनेट भरले जातात, त्या गावच्या माणसाला उत्तर युरोपातली बंदरे आणि बाजार जितके कळतील तितके मुंबई-पुण्याच्या पर्यटकाला कळणार नाहीत. म्हणून आजचा लेखांक रॉटरडॅम, हॅम्बर्ग, कोपनहेगन आणि स्टॉकहोम या वाटेवर, आणि सगळ्यात जास्त हॉलंडवर.

आधी वेळेचे बोलू. एप्रिलची खरड छाटणी झाली, काडी तयार होऊ लागली की ऑक्टोबर छाटणीपर्यंत बागाईतदाराला त्यातल्या त्यात सवड असते. पावसात डाऊनीसाठी पानांवर लक्ष ठेवावे लागते, पण ते काम घरातला दुसरा कुणी करू शकतो. ज्यांच्याकडे टोमॅटो आहे त्यांनी जूनअखेर ते जुलै निघावे, कारण ऑगस्टपासून इथला टोमॅटो बाजार भरू लागतो आणि मग पाय निघत नाही. बाकीच्यांना ऑगस्टचा उत्तरार्ध सोयीचा. डेन्मार्क-स्वीडनमधल्या शाळा तोवर सुरू झालेल्या असतात, गर्दी ओसरते, आणि उजेड मात्र रात्री आठपर्यंत असतो. दुपारी वीस अंशांच्या आसपास हवा, मधूनच पाऊस. छत्रीपेक्षा टोपीचे जाकीट बरे, कारण समुद्राकडचा वारा छत्री टिकू देत नाही.

एक गोष्ट मनाशी बांधून जा. या दिवसांत तिकडच्या दुकानात आपले द्राक्ष दिसणार नाही. नाशिकचा माल फेब्रुवारी ते एप्रिल तिथे असतो, ऑगस्टमध्ये फळी इटली, स्पेन आणि ग्रीसच्या मालाने भरलेली असते. तरीही एखाद्या सुपरमार्केटात शिरून ती फळी नीट बघा. मण्यांचा आकार, देठाचा हिरवेपणा, पनेटचे वजन, किमतीची चिठ्ठी. आपला माल कुणाशेजारी आणि कशाच्या तुलनेत विकला जातो, हे त्या फळीसमोर उभे राहिल्यावर जसे कळते तसे कुठल्याही चर्चासत्रात कळत नाही.

रॉटरडॅम हे युरोपातले सर्वांत मोठे बंदर. न्हावा-शेवाहून निघालेला रेफर कंटेनर सुएझमार्गे साधारण तीन ते चार आठवड्यांत इथे पोहोचतो. २०२४ च्या हंगामात लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली, प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, आणि त्या प्रत्येक दिवसाची काळजी निफाड-दिंडोरीतल्या घराघरांत केली गेली. तो माल उतरतो ती जागा डोळ्यांनी बघायला मिळते. शहरापासून समुद्रापर्यंत हे बंदर चाळीस किलोमीटरहून अधिक पसरले आहे. त्याचे शेवटचे टोक म्हणजे मासव्लाक्टे, समुद्रात वाळू भरून केलेली जमीन. २०२५ मध्ये तिथे पोर्टलांटिस नावाचे बंदर-दर्शन केंद्र उघडले. गच्चीवरून गोद्या आणि क्रेन दिसतात. कंटेनर उचलून नेणाऱ्या गाड्यांत चालक नसतो. अशी स्वयंचलित गोदी जगात पहिल्यांदा इथेच, १९९३ मध्ये सुरू झाली. जायला वेळ लागतो, म्हणून अर्धा दिवस मोकळा ठेवा. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी एरास्मस पुलाजवळून सुटणारी बंदराची बोटफेरी करावी. ॲम्स्टरडॅमच्या कालव्यातली फेरी सुंदर आहे, पण एकच बोट परवडणार असेल तर माझे मत रॉटरडॅमच्या बोटीला.

शहर नवेकोरे दिसते, त्यामागे दुःख आहे. १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी इथला मध्यभाग बॉम्बने जाळून टाकला. मूर्तिकार झाडकिन यांचे ‘उद्ध्वस्त शहर’ हे शिल्प १९५३ पासून बंदराजवळ उभे आहे. हात वर केलेला माणूस, आणि छाती-पोटाच्या जागी आरपार भोक. तिथे पाच मिनिटे थांबा आणि मग मार्कथालकडे चला. २०१४ मध्ये उघडलेला हा बाजार नालेच्या आकाराच्या प्रचंड कमानीखाली भरतो, आणि त्या कमानीतच लोकांची घरे आहेत. आतल्या छतावर फळे, भाज्या, मासे, धान्य यांचे अवाढव्य चित्र आहे. शेजारी वास्तुकार पीट ब्लोम यांनी बांधलेली तिरकी घनाकार घरे आहेत, त्यातले एक आतून बघता येते. रॉटरडॅमच्या वेशीवरच्या बारेंड्रेख्त गावात फळांच्या आयातदारांची गोदामे एकमेकांना लागून आहेत. तुमचा माल ज्या निर्यातदारामार्फत जातो त्याला आधी विचारून ठेवलेत तर एखाद्या गोदामात आत जाता येईल. ते जमले तर बाकीचे दोन कार्यक्रम रद्द करूनही जा.

कारण त्या गोदामांत आपल्या द्राक्षाचा निकाल लागतो. २०१० चा हंगाम बागाईतदार विसरलेले नाहीत. क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्याचा अंश सापडला, आणि नाशिकचे कंटेनर युरोपात अडकून पडले. किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम ही मर्यादा होती, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत त्या औषधाचे नावच नव्हते. त्यानंतर रेसिड्यूच्या तपासणीत जी कडक शिस्त आली ती का आली, हे तिथला माल उतरवून घेणारा माणूस चांगले समजावून सांगतो.

आता माझ्या सर्वांत आवडत्या जागेकडे येतो. तिचे नाव टूरच्या यादीत सहसा नसते. अल्कमारजवळ ब्रूक-ओप-लांगेडाइक नावाचे गाव आहे. इथली शेती एकेकाळी शेकडो छोट्या बेटांवर होती. रस्ता नाही, बैलगाडी नाही, शेतकरी कोबी-बटाटे-कांदे होडीत भरून विकायला न्यायचा. व्यापारी वेगवेगळे गाठून भाव पाडायचे, कारण शेजारच्या होडीला काय भाव मिळाला ते कुणालाच कळत नसे. १८८७ मध्ये इथे फ्लॉवरची पहिली जाहीर विक्री झाली आणि हॉलंडमधला भाजीपाल्याचा लिलाव सुरू झाला. पुढे पाण्यावरच लाकडी लिलावगृह बांधले. होडी एका बाजूने आत यायची, पायऱ्यांच्या बाकांवर बसलेल्या व्यापाऱ्यांसमोर थांबायची, विकली जायची आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडायची. १९७३ मध्ये हा बाजार बंद झाला. आता ते संग्रहालय आहे, आणि पाहुण्यांना त्या बाकांवर बसवून खरा लिलाव खेळायला लावतात.

आपल्याकडे ट्रॅक्टर आणि पिकअप रांगेत उभे असतात, व्यापारी वाहनामागून वाहन बघत येतात, कांदा हातात घेऊन दाबतात, बोली खालून वर चढत जाते आणि सगळ्यांत वरच्या बोलीला माल सुटतो. डच पद्धत नेमकी उलटी. भिंतीवर मोठे घड्याळ असते. काटा चढ्या भावावरून खाली येऊ लागतो, आणि ज्याने पहिल्यांदा बटण दाबले त्याला तो भाव. थांबावे तर आणखी स्वस्त मिळेल, पण तेवढ्यात दुसरा दाबेल. कुणी कुणाशी बोलत नाही, खूण करत नाही, भाव ठरायला काही सेकंद पुरतात. व्यापाऱ्यांनी संगनमत करून बोली रोखणे त्यात अवघड जाते, कारण एकजण जरी घाईवर आला तरी माल त्याचा. मला ही पद्धत आवडते, पण तिची अडचणही सांगितली पाहिजे. ती चालायची तर प्रतवारी अगदी नेमकी लागते. एका लॉटमध्ये गोल्टी आणि मोठा माल मिसळला असेल तर डोळे मिटून बटण कोण दाबेल? डच शेतकऱ्याने आधी प्रतवारी स्वीकारली, मग त्याचा घड्याळावर विश्वास बसला. आपल्या मोकळ्या लिलावात व्यापारी माल स्वतः बघतो, त्यामागे हेच कारण आहे. पिंपळगावहून गेलेल्या माणसाने त्या बाकावर बसून एकदा बटण दाबावेच.

तेच घड्याळ आज किती मोठे झाले ते आल्समीरच्या फुलबाजारात दिसते. सोमवार ते शुक्रवार, भल्या सकाळी, उंचावरच्या गॅलरीतून फिरायचे आणि खाली फुलांच्या गाड्यांची न संपणारी रांग बघायची. खरेदीदार आता आपापल्या ठिकाणी संगणकावर बसून बटण दाबतात, त्यामुळे आरडाओरडा नाही, फक्त गाड्यांची ये-जा. गुलाब केनियाहून आणि इथिओपियाहूनही येतो. मोहाडी-जानोरीत ज्यांची पॉलिहाऊस आहेत त्यांनी हे चुकवू नये. सातला पोहोचलात तर दिसेल. दहानंतर गेलात तर बरेचसे आवरलेले असेल.

जेवणाचा प्रश्न शाकाहारी माणसाला सतावतो. हॉलंडमध्ये त्याचे उत्तर सुरिनामी खानावळीत आहे. १८७३ पासून बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून मजूर करारावर दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला नेले गेले. त्यांचे वंशज पुढे मोठ्या संख्येने हॉलंडला आले, हेग शहरात त्यांची वस्ती दाट आहे. रॉटरडॅमच्या वेस्ट-क्राउसकाडे रस्त्यावर मऊ रोटी, बटाट्याची भाजी आणि चवळीच्या लांब शेंगा मिळतात. मागताना अंडे नको हे स्पष्ट सांगा, कारण ते बऱ्याचदा ताटात असते.

हॅम्बर्गची आखणी वार बघून करा. शनिवारी रात्री तिथे मुक्काम हवा, कारण रविवारचा फिशमार्क्ट उन्हाळ्यात पहाटे पाचला सुरू होतो आणि साडेनऊला संपतो. १७०३ पासूनचा हा बाजार. चर्चच्या प्रार्थनेआधी विक्री उरकावी म्हणून ही पहाटेची वेळ. नाव मासळीचे असले तरी फळे, रोपे, कपडे सगळे असते, आणि गाडीवर उभे राहून केळी-अननसाच्या टोपल्या ओरडून विकणारे विक्रेते हे त्याचे खरे आकर्षण. नंतर श्पायखरश्टाट, म्हणजे लाल विटांची गोदामांची पेठ. १८८८ मध्ये सुरू झालेल्या या गोदामांना एक दार रस्त्यावर आणि एक पाण्यावर. छताच्या टोकाला माल वर ओढायची चक्री असते. कॉफी, चहा, मसाले, गालिचे इथे साठवले जायचे. २०१५ पासून ती जागतिक वारसा आहे. एल्बे नदीखालून पायी जाणारा १९११ चा जुना बोगदाही बघा. चालत जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत.

कोपनहेगनला दोन दिवस पुरतात. जलपरीचा पुतळा प्रसिद्ध आहे, पण तो सव्वा मीटरचा आहे आणि शहरापासून बाजूला, त्यासाठी अर्धी सकाळ खर्चू नका. त्याऐवजी तोर्वेहालर्न या काचेच्या बाजारात जा. शहराची भाजीमंडई १९५८ पर्यंत याच परिसरात भरायची. मग ती बाहेर हलवली, आणि २०११ मध्ये इथे नवा बाजार उभा राहिला. गावातली मंडई बाहेर गेल्यावर मोकळ्या झालेल्या जागेचे काय करावे, हा प्रश्न आपल्या तालुक्यांनाही पडतो. नगरसेवक, सरपंच कुणी सोबत असतील तर त्यांना इथे घेऊन जा.

कोपनहेगनहून स्टॉकहोमची गाडी पाचेक तासांची, सुरुवातीलाच समुद्रावरचा ओरेसुंड पूल ओलांडते. स्टॉकहोममध्ये एस्टरमाल्मचा १८८८ चा विटांचा बाजार आहे, पण भाव चढे आहेत, बघून निघा. वेळ द्यायचा तो ‘वासा’ला. १० ऑगस्ट १६२८ रोजी हे युद्धजहाज पहिल्याच प्रवासात साधारण तेराशे मीटर जाऊन बुडाले, कारण ते वरून जड झाले होते. १९६१ मध्ये वर काढले तेव्हा लाकूड जवळजवळ शाबूत होते. बाल्टिकचे पाणी इतके कमी खारट आहे की लाकूड पोखरणारा समुद्री किडा त्यात जगत नाही. जवळच स्कान्सेन हे १८९१ चे खुले संग्रहालय. स्वीडनभरातली जुनी शेतघरे, धान्याची कोठारे, गोठे उचलून तिथे आणून मांडले आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना सगळ्या सहलीत ही जागा सर्वांत आवडेल असे मला वाटते. चढ आहे, सावकाश चढा, आणि वासा सकाळी उघडताच बघून दुपार स्कान्सेनला ठेवा.

स्टॉकहोमहून संध्याकाळी सुटणाऱ्या जहाजाने रात्रभराचा प्रवास करून हेलसिंकीला जाता येते. ती वाट आणि बाल्टिकच्या पलीकडची शहरे पुढच्या आठवड्यात.