आइसलँडला जाताना थंडीपेक्षा वाऱ्याचा विचार करा

आइसलँडची सहल ठरली की घरात पहिली चर्चा थंडीची होते. नावातच बर्फ आहे, त्यामुळे ते साहजिकच. पण हिमनद्यांनी या देशाचा साधारण दहावा हिस्साच व्यापला आहे. अटलांटिकमधल्या उबदार प्रवाहामुळे राजधानी रेक्याविकचं जानेवारीतलं सरासरी तापमान शून्याच्या आसपास राहतं. लेहचा जानेवारी याहून कितीतरी कडक. आइसलँडमध्ये माणसाला खरा हैराण करतो तो वारा. पाऊस आडवा येतो, छत्री उलटते. म्हणून जाड स्वेटरच्या आधी वारा आणि पाणी अडवणारं जाकीट आणि पँट घ्या. भाड्याच्या गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडा. वाऱ्याने ते हिसकलं तर बिजागरीच वाकते, आणि हे नुकसान बऱ्याचदा विम्यात धरलेलं नसतं.

दुसरी भीती ज्वालामुखीची. २०१०मध्ये एयाफ्यात्लायोकुत्लच्या राखेने युरोपातली विमानं कित्येक दिवस अडकली, ते लोक विसरलेले नाहीत. तो उद्रेक हिमनदीखाली झाला होता; लाव्हा आणि बर्फाचं पाणी एकत्र आलं आणि बारीक राख आकाशात उसळली. २०२१पासून रेक्यानेस द्वीपकल्पावर होणारे उद्रेक निराळे आहेत. जमिनीला भेग पडते, लाव्हा वाहतो, राख फारशी उडत नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळही साडेसहा कोटी वर्षांपूर्वी असाच थरावर थर साचून तयार झाला. आइसलँडचा मुख्य विमानतळ रेक्यानेसवरच आहे, तरी या उद्रेकांत विमानं ये-जा करत राहिली. पण म्हणून उद्रेक हा तमाशा समजून जवळ जाऊ नका. नोव्हेंबर २०२३मध्ये ग्रिंडाविक हे मासेमारीचं गाव एका रात्रीत रिकामं करावं लागलं आणि जानेवारीत लाव्हा तिथल्या घरांपर्यंत पोचला. रस्ता बंद असेल तर मुकाट्याने मागे फिरावं.

मे महिन्याच्या सुट्टीत जाऊन ध्रुवीय प्रकाश बघू, असं ठरवणारी कुटुंबं मला भेटली आहेत. त्यांच्यासाठी मला खरंच वाईट वाटतं, कारण तेव्हा तिथे पुरता अंधारच पडत नाही. हा प्रकाश बघायचा तर सप्टेंबर ते मार्च, तोही आभाळ मोकळं असेल तरच.

देश महाराष्ट्राच्या एक तृतीयांश, म्हणून चार दिवसांत बेटाला फेरी मारू, हा हिशेबही फसतो. रिंग रोड सुमारे १३२० किलोमीटरचा आहे. उन्हाळ्यात त्याला आठ-दहा दिवस द्या. डिसेंबरात उजेड जेमतेम चार तास असतो आणि वादळात रस्ते बंद होतात. तेव्हा फक्त दक्षिण किनारा धरा आणि एक दिवस मोकळा ठेवा. आतल्या डोंगराळ भागातले 'एफ' रस्ते तर उन्हाळ्यातच उघडतात, तेही फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांसाठी.

देश युरोपीय संघात नसला तरी व्हिसा शेंगेनचाच लागतो. तिथे नळाच्या गरम पाण्याला गंधकाचा वास येतो. पिण्यासाठी गार पाण्याचा नळ सोडा, बाटल्या विकत घेऊ नका.

आणि रेनिसफ्याराच्या काळ्या किनाऱ्यावर फोटोसाठी समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका. शांत वाटणाऱ्या समुद्रातून एखादी लाट अचानक कितीतरी आत येते आणि पायाखालची खडी ओढून नेते. तिथे पर्यटकांनी जीव गमावले आहेत. मुलांचा हात सोडू नका.