सांबराची शिकार

भारतातील हरणांमध्ये आकाराने सर्वांत मोठे असलेल्या सांबराची, विशेषतः पूर्ण वाढ झालेल्या नराची, शिकार. सांबर हा समखुरी गणातील सर्व्हिडी कुलाचा प्राणी असून त्याचे शास्त्रीय नाव रूसा युनिकलर असे आहे. पूर्वी त्याला सर्व्हस युनिकलर म्हणत. डोंगराळ व दाट जंगल त्याला मानवते. अमरावती जिल्ह्यातील सेमाडोहच्या परिसरात, सिपना नदीच्या खोऱ्यात, असे जंगल आहे. ‘सिपना’ या कोरकू शब्दाचा अर्थ साग असा आहे.

पूर्ण वाढलेल्या नराची खांद्यापाशी उंची सु. १४० सेंमी. व वजन २२५ ते ३२० किग्रॅ. असते. शिंगे फक्त नराला असून प्रत्येक शिंगाला सामान्यतः तीन टोके असतात. ही टोके चौथ्या वर्षाच्या सुमारास पूर्ण होतात व पुढे वयाबरोबर वाढत नाहीत. म्हणून केवळ टोके मोजून नराचे वय ठरविता येत नाही. शिंगांच्या बुडाची जाडी, मानेवरील आयाळ व अंगाचा काळपट रंग यांवरून त्याचा अंदाज करतात. शिंगे बहुधा उन्हाळ्याच्या आरंभी गळतात. पावसाळ्यात मखमलीसारख्या त्वचेने झाकलेली नवी शिंगे वाढतात व हिवाळ्यापर्यंत कठीण होतात. नोव्हेंबर–डिसेंबर हा माजाचा काळ होय. एरवी एकटा राहणारा वयस्क नर या काळात माद्यांच्या मागे हिंडतो व त्याची सावधगिरी काहीशी कमी होते.

सांबर मुख्यतः रात्री चरते व दिवसा दाट झाडीत विसावते. त्याची दृष्टी बेताची, पण घ्राणेंद्रिय व श्रवणेंद्रिय अत्यंत तीक्ष्ण असते. संशय येताच ते शेपूट उभारते, पुढचा पाय आपटते आणि घंटेसारखा खणखणीत आवाज काढून इतर प्राण्यांनाही सावध करते. शिकारीच्या जुन्या पद्धती या स्वभावावरच आधारलेल्या होत्या. माग काढीत जवळ जाणे, पाणवठा किंवा खारट मातीचे चाटण यांजवळ मचाणावर दबा धरणे आणि हाका करून जनावर ठरलेल्या वाटेने काढणे, या त्यांतील प्रमुख होत.

धनुष्यबाणाच्या शिकारीत अंतर महत्त्वाचे असते. सातपुड्यातील भिल्लांचे धनुष्य बांबूचे असून त्याची दोरीही बांबूच्या पातळ पट्टीची करीत. बंदुकीची गोळी आघाताने जनावर पाडते. बाण मात्र त्याच्या पात्याने झालेल्या रक्तस्रावाने मारतो. यासाठी तो खांद्यामागून फुप्फुसात किंवा हृदयात शिरावा लागतो. शिकाऱ्याला त्यामुळे काही पावलांच्या अंतरापर्यंत जावे लागते आणि तेथे धनुष्य ओढण्याची हालचाल जनावराचे डोके झाडाआड असताना करावी लागते. वाऱ्याचे ज्ञानही तितकेच आवश्यक असते. ऊन चढू लागले की डोंगरउतारावरील हवा वर सरकते व संध्याकाळी थंड होऊन खाली उतरते. सकाळी उशिरा वरच्या बाजूने आणि संध्याकाळी खालच्या बाजूने जवळ जाण्यामागे हेच कारण आहे. बाण लागल्यावर लगेच पाठलाग करीत नाहीत, कारण जखमी जनावर बिथरून दूर जाते. फेसाळ, लालभडक रक्त फुप्फुसाची जखम दर्शविते. काळसर व चाऱ्याचे कण मिसळलेले रक्त पोटाची. दुसऱ्या प्रकारात जनावर तासन्‌तास यातना भोगते व पुष्कळदा हाती लागत नाही. हा या शिकारीचा सर्वांत मोठा दोष मानला जातो.

उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची धनुष्यबाणाने शिकार आजही कायदेशीर आहे. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र हंगाम सुरू केला. तेथील बहुतेक भागांतून लांडग्यांसारखे भक्षक नाहीसे झाल्याने हरणांची संख्या फार वाढते आणि परवान्यांद्वारे ती आटोक्यात ठेवतात. मेळघाटातील परिस्थिती वेगळी आहे. येथे वाघ, बिबळ्या व रानकुत्री हे भक्षक टिकून असून सांबर हे वाघाचे प्रमुख भक्ष्य आहे. शिकाऱ्याने नेलेले सांबर हे वाघाच्या वाट्यातूनच जाते. शिवाय केवळ मोठ्या शिंगांचे नर टिपल्यास कळपाचे प्रजोत्पादन अपक्व नरांवर सोपविले जाते.

ब्रिटिश अमदानीत राखीव जंगलातील शिकार परवान्याने होत असे. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्येही सांबराचा समावेश प्रारंभी परवान्याने मारता येणाऱ्या मोठ्या शिकारीच्या प्राण्यांत होता. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकार देशभर संपुष्टात आली. वनहक्क अधिनियम, २००६ ने आदिवासींचे अनेक पारंपरिक हक्क मान्य केले. तथापि शिकारीचा हक्क त्यांतून स्पष्टपणे वगळला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने २००८ मध्ये सांबराची नोंद असुरक्षित जातींत केली.

या बंदीचा भार जंगलाकाठच्या गावांवर पडतो. सांबरे रात्री पिकांत शिरतात, त्यामुळे शेतकऱ्याला मचाणावर जागल करावी लागते. पिकाच्या नुकसानीबद्दल शासन भरपाई देते. पण झोपमोड व धास्ती यांचे मोल त्यात धरलेले नसते. दुसरीकडे, फासे व विजेच्या तारा लावून होणारी चोरटी शिकार नर, मादी, पाडस असा भेद करीत नाही. धनुर्धाऱ्याला तो करावाच लागे. त्याची माग काढण्याची विद्या मात्र निरुपयोगी झालेली नाही. खुरांचे ठसे, लेंड्या, झाडांवरील शिंगांच्या घासण्याच्या खुणा व चिखलातील लोळण यांवरून सांबरांचा वावर ओळखणारी माणसे वन्य प्राण्यांच्या गणनेत व जंगलाच्या राखणीत उपयुक्त ठरतात.