विमानाचं इंजिन तापतंय म्हणून मोठा रेडिएटर बसवला, तरी ते तापतच राहतं. कारण खरी गोम हवेच्या वाटेत असते

गाडी तापली की आपण काय करतो? बाजूला घेतो, बॉनेट उघडतो, टपरीवर चहा मारतो. विमानात ही सोय नाही.

स्वतःच्या हातानं विमान बांधणारे लोक जगभर आहेत. आपल्याकडे अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, ते तुम्हाला आठवत असेल. परदेशात असे काही हौशी लोक मोटारीचं वॉटर-कूल्ड इंजिन विमानात बसवतात. स्वस्त पडतं, पार्टही सहज मिळतात. पण टेकऑफनंतर वर चढताना टेम्परेचरचा काटा लाल पट्टीकडे सरकायला लागतो आणि खाली उतरायला रनवे मागे राहिलेला असतो.

असं का होतं?

१०० अश्वशक्ती म्हणजे साधारण ७५ किलोवॅट. त्याच्या निम्मी उष्णता जरी कूलंटमध्ये गेली, तरी ती दोन किलोवॅटच्या १८ गीझरइतकी झाली. ही सगळी उष्णता रेडिएटरमधून हवेत सोडायची असते.

हवा रेडिएटरमधून ढकलणारा दाब विमानाच्या वेगातून मिळतो आणि तो वेगाच्या वर्गानुसार बदलतो. ताशी १८० किलोमीटरला तो सुमारे १५६ मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका असतो. चढताना वेग ताशी १०८ वर आला की उरतात फक्त ५६ मिलिमीटर. म्हणजे इंजिन पूर्ण ताकदीनं तापत असतं आणि वारा मात्र सगळ्यात कमी असतो.

इथं डोक्यात पहिला उपाय येतो तो म्हणजे रेडिएटर मोठा करा, हवेसाठी तोंड मोठं करा. पण मागून हवा बाहेर पडायला वाट नसेल, तर पुढचं तोंड कितीही मोठं करा, हवा आत शिरतच नाही. तोंडावरून सांडून बाजूनं निघून जाते आणि विमानाला मागं खेचणारा ड्रॅग तेवढा वाढतो.

मग उपाय काय?

१९३५ मध्ये ब्रिटनच्या फार्नबरो इथल्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधल्या एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी यावर एक टिपण लिहिलं. कल्पना अशी: तोंड लहान ठेवा, मग बोगदा हळूहळू रुंद करा. अरुंद ओढा रुंद पात्रात आला की पाणी संथ होतं, तसं हवेचंही होतं. तिचा वेग कमी होतो आणि दाब वाढतो. संथ हवा रेडिएटरच्या बारीक जाळीतून जाते. जाळीत वेग दुप्पट केला तर अडथळा चौपटीच्या जवळ जातो, उष्णता मात्र दुप्पटही वाहून नेली जात नाही. म्हणून संथ हवाच फायद्याची. शेवटी बोगदा पुन्हा अरुंद करायचा. बागेतल्या पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबल्यावर पाणी जोरात सुटतं, तशी तापलेली हवा मागं जोरात सुटते आणि थोडा पुढं जाणारा रेटाही देते.

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन मस्टँग विमानाच्या पोटाखाली जो फुगवटा दिसतो, तो हाच बोगदा. त्यात रेडिएटरच्या ड्रॅगचा बराचसा भाग भरून निघायचा.

पण मस्टँगलाही हे सहज जमलं नव्हतं. पी-५१बी मॉडेलमध्ये वेगात असताना बोगद्यातून गडगडाट यायचा. १९४३ मध्ये विमानाचे पंख कापून ते एम्स प्रयोगशाळेच्या वाऱ्याच्या बोगद्यात बसवलं, तेव्हा कारण सापडलं. विमानाच्या पोटाला चिकटून वाहणारी सुस्त हवा तोंडात शिरत होती. तोंड आणखी खाली घेतलं आणि आवाज थांबला.

घरी विमान बांधणाऱ्यानं यातून काय घ्यायचं? रेट्याचं स्वप्न सोडून द्यायचं. ताशी २०० किलोमीटरला वेगातून मिळणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या दोन टक्क्यांच्या आसपास असतो. त्यातून रेटा नावापुरताच मिळतो. बाकीचे धडे मात्र जसेच्या तसे लागू पडतात:

१. तोंड विमानाच्या अंगापासून थोडं दूर ठेवा.

२. बोगदा एकदम रुंद करू नका. हवा भिंत सोडते, भोवरे होतात आणि जाळीचा मधलाच भाग काम करतो.

३. रेडिएटरभोवतीच्या फटी रबरानं बंद करा. फट दिसली की हवा जाळीतून न जाता तिथूनच पळते.

४. मागच्या तोंडाला उघडझाप होणारी झडप लावा. चढताना उघडी, सरळ उडताना जवळपास बंद.

५. अंदाजावर जाऊ नका. यू आकाराच्या पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरा, तिची टोकं जाळीच्या पुढं आणि मागं जोडा. पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजे जाळीवरचा दाब. फरक फारच कमी दिसला, तर जाळीतून पुरेशी हवा जात नाही.

आणखी एक गोष्ट. १५ अंशांच्या थंडीत चाचणी पास झाली म्हणून खूश होऊ नका. कूलंट १०० अंशांवर असेल, तर त्या दिवशी हवा आणि कूलंटमध्ये ८५ अंशांचा फरक होता. ४५ अंशांच्या उन्हात तो ५५ वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर साधारण एक तृतीयांश कमी उष्णता सोडणार.

म्हणून पुढच्या वेळी काटा लाल पट्टीकडे सरकला, तर मोठ्या रेडिएटरची ऑर्डर देण्याआधी एकदा मागं जाऊन बघा, हवेला बाहेर पडायला वाट आहे का.